दिवाळीच्या भेटी कशात गुंडाळता? चकचकीत कागद नकोय, भेटी ३४, बजेट कमी

रानजाई

नमस्कार मंडळी, दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत पण आत्ताच विचारून ठेवतेय, नाहीतर दरवर्षीसारखं धनत्रयोदशीला संध्याकाळी दुकानात पळत जायचं आणि जो कागद उरलाय तो मिळेल त्या भावाला उचलायचा असं होतं.

आमच्याकडे (नाशिक) या वर्षी ३४ भेटी द्यायच्यात. यादी काढली तर फराळाचे डबे १४ घरी, भाऊबिजेला सख्खे चुलत धरून ५ भाऊ, नणंदा दोन, त्यांची मुलं चार (त्यांना पुस्तकं आणि रंगपेट्या), मुलीच्या क्लासच्या टीचर दोन, आणि मग आपली रोजची माणसं, म्हणजे सोसायटीचे दोन वॉचमन, जिना झाडणाऱ्या ताई, पोळ्यावाल्या काकू, भांड्याच्या मावशी, पेपर टाकणारा मुलगा, दूधवाले दादा. गेल्या वर्षी मोठा कागद २० रुपयाला एक होता, वर रिबीन, चिकटपट्टी, ते चिकटवायचं तयार फूल, सगळं धरून भेटीमागे ३० च्या वर गेलं. म्हणजे नुसत्या वेष्टनाचे हजार रुपये! आणि भाऊबिजेच्या रात्री आमच्या दिवाणखान्यात त्या सोनेरी चांदेरी कागदांचा जो ढीग पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः घंटागाडीत टाकला, तेव्हा खूप वाईट वाटलं. गाडीवरच्या दादांनी सांगितलं की ताई हा कागद रद्दीवालाही घेत नाही.

माझ्या दोनच अटी आहेत. भेटीमागे १० रुपयांच्या वर खर्च नको. आणि दुसरी अट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची, ती म्हणजे नणंदेला छान कागदात आणि मावशींना वर्तमानपत्रात असं मला अजिबात करायचं नाहीये. मावशी वर्षभर आमच्या घरात राबतात, त्यांच्या हातात जाणारी वस्तू इतरांच्यापेक्षा उतरलेली दिसली तर मला चालणार नाही. स्वस्त हवं पण उगाच उरकलंय असं वाटायला नको.

तुम्ही काय करता ते सांगा प्लीज, करून बघितलेलं सांगितलंत तर जास्त बरं.

सुईदोरा

रानजाई, आधी कपाट उघडा आणि ओटीत आलेले ब्लाउजपीस मोजा. खरंच सांगते, प्रत्येक मराठी घरात दहा-पंधरा तरी निघतात, हळदीकुंकू, डोहाळजेवण, वास्तुशांत, कुणाकडे सवाष्ण म्हणून गेलो की आलाच एक. शिवायचे म्हणून ठेवतो, पण ते कुठल्याच साडीवर जात नाहीत आणि मग पुढच्या ओटीत तसेच पुढे जातात. मी तीन वर्षं झाली, दिवाळीला सगळ्या भेटी त्यातच बांधते. साधारण ८० सेंमीचा तुकडा असतो आणि पन्हा त्याहून जरा जास्त, त्यामुळे मिठाईचा अर्ध्या किलोचा डबा, स्टीलचा डबा, पुस्तक, सगळं आरामात बसतं. चिकटपट्टी नको, कात्री नको, रिबीन नको. वर गाठ मारली की तीच शोभा.

आणि आपल्याकडे हे काही नवीन नाहीये हो. पोथ्या कशात असायच्या? लाल कापडात. लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला आपण 'बस्ता बांधणं' म्हणतो, कारण ते सगळं खरंच एका कापडात बांधून घरी यायचं. पुण्याच्या पेशवे दप्तरातले जुने कागद कापडात बांधलेले आहेत आणि त्या गठ्ठ्यालाच 'रुमाल' म्हणतात, अमुक नंबरचा रुमाल काढा म्हणतात अभ्यासक लोक. म्हणजे जे जपायचं ते कापडात बांधायचं ही आपलीच रीत आहे, मध्येच कुठेतरी आपण ती सोडून चकचकीत कागदाच्या मागे लागलो.

फक्त एक, सुती किंवा खणाचेच निवडा. ते सिंथेटिक सॅटीनसारखे गुळगुळीत असतात त्यांची गाठ राहत नाही, देईपर्यंत सुटून जाते. आणि आधी इस्त्री फिरवा. चुरगळलेला पीस असला की लगेच 'कपाटातून काढलेला' वाटतो, इस्त्री केली की तोच पीस नवा दिसतो. तुमची मावशींबद्दलची जी अट आहे ना ती इस्त्रीनेच पूर्ण होते, माझा अनुभव आहे.

तिखटमीठ

सुईदोरा यांचं पटलं, पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ब्लाउजपीस दिला की समोरच्या बाईला ती ओटीच वाटते, आणि पुरुषांना तो दिला तर काय करायचं ते कळत नाही. वॉचमनकाका, दूधवाले दादा, पाच भाऊ यांना तरी कागदच बरा.

कागदात माझं मत खाकी कागदाला. जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हर घालायला आणलेला रोल बहुतेकांकडे अर्धा उरलेला असतो, आमच्याकडे तर दोन निघाले. खाकी कागद जाड असतो, कोपऱ्यावर फाटत नाही, घडी धारदार पडते. नुसता दिला तर ऑफिसच्या पार्सलसारखा दिसतो हे खरं आहे, म्हणून त्यावर मुलांकडून ठसे मारून घ्या. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, बटाटा अर्धा करून त्यावर पणती कोरता येते, कांद्याची चकती दाबली की गोलात गोल. रंग साधा पोस्टर कलर, पण पाणी घालू नका, घट्टच ठेवा आणि भाजी कापल्यावर कपड्यावर टिपून कोरडी करून मग रंगात बुडवा, नाहीतर ठसा पसरतो. पांढरा रंग खाकीवर फार सुंदर उठतो. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याने वारलीसारखी माणसं काढली आगकाडीच्या टोकाने, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून की झालं अंग, वर गोल डोकं, काडीचे हातपाय. घरावरच्या वारली चित्रात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात तसं इथे खाकी रंग गेरूचं काम करतो. प्रत्येक भेटीवर वेगळं चित्र, कुणाचं ढोल वाजवणारं, कुणाचं बैलगाडीचं. गेल्या वर्षी आमच्या वॉचमनकाकांनी तो कागद टाकलाच नाही, केबिनमध्ये भिंतीला चिकटवलाय, अजून आहे.

बांधायला रिबीन नको, पूजेच्या सामानाच्या दुकानातली लालपिवळी नाडाछडी घ्या. अगदी स्वस्त मिळते आणि एका गुंडीत पंधरा-वीस भेटी सहज होतात. खाकीवर लालपिवळा दोरा इतका खुलतो की दुसरं काही लागतच नाही.

वर्तमानपत्राबद्दल मात्र एक सांगून ठेवते, फराळाला ते कुणीच वापरू नका. डब्याच्या बाहेरून चालेल पण आत चकल्यांच्या खाली घडी करून घालतात ना लोक तेल टिपायला, ते नको. छपाईची शाई तेलात उतरते. एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे पॅकेजिंगचे नियम आहेत त्यात खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला सरळ मनाई आहे. आत केळीचं पान किंवा बटर पेपर घाला.

आणि तुमच्या घंटागाडीच्या दादांचं बरोबर आहे. तो चकचकीत कागद बऱ्याचदा कागदच नसतो, प्लॅस्टिकची फिल्म असते वर धातूचा मुलामा दिलेली, किंवा कागदावर प्लॅस्टिकचा थर. कागदाच्या गिरणीत रद्दी पाण्यात भिजवून लगदा करतात, प्लॅस्टिक काही भिजत नाही. घरी ओळखायचं असेल तर मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा, गोळा तसाच राहिला तर कागद, हळूहळू उलगडून परत पसरला तर प्लॅस्टिक.

दोन तळहात

मस्त धागा. माझी छोटीशी भर, जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. कार्ड इतकं जाड आणि सुंदर असतं की त्यातून नावाची चिठ्ठी कापायची, पंचिंग मशीनने भोक पाडायचं आणि नाडाछडीत ओवायची. एका पत्रिकेत पाच-सहा चिठ्ठ्या निघतात. मात्र गणपती आणि कुलदेवतेचं नाव असलेला भाग मी कात्रीखाली घालत नाही, तो वेगळा काढून देवघराच्या कप्प्यात ठेवते.

ओसाकाहून

मी जपानमध्ये सहा वर्षं आहे, मूळचा साताऱ्याचा. सुईदोरा जे सांगतायत ते इथे रोज दिसतं, त्याला फुरोशिकी म्हणतात. शब्दाचा अर्थ आंघोळीशी जोडलेला आहे, सार्वजनिक स्नानगृहात लोक आपले कपडे या चौकोनी कापडात बांधून ठेवायचे, त्यावरून नाव पडलं. नंतर सामान, डबे, भेटी, सगळं त्यात. मधल्या काळात प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी ते मागे पडलं होतं, मग २००६ मध्ये इथल्या तेव्हाच्या पर्यावरण मंत्री युरिको कोईके यांनी मुद्दाम एक फुरोशिकी तयार करून घेतली, जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांपासून बनवलेल्या धाग्याची, आणि लोकांना पुन्हा वापरा म्हणून सांगितलं.

मापाचं सांगतो कारण तिथेच लोकांची गडबड होते. पुस्तकासारखी चपटी वस्तू असेल तर कापडाचा कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) वस्तूच्या लांबीच्या तिप्पट असला की झालं. फराळाचा डबा उंच असतो तिथे हिशोब वेगळा. समजा डबा २० बाय २० आणि उंची १० सेंमी. तळ २०, दोन बाजूंची उंची १० आणि १०, वरून झाकायला २०, झाले ६०, आणि गाठीसाठी दोन्ही टोकांना वीस-वीस, म्हणजे कर्ण १०० लागतो. ७० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण ९९ येतो. म्हणजे ७० चा चौकोन बरोब्बर. तुमचा ब्लाउजपीस ८० चा आहे तर आरामात होईल, फक्त तो चौकोनी नसतो म्हणून पन्ह्याकडचा जादा भाग कापू नका, आत दुमडून घ्या. कापलं की धागे सुटतात आणि नंतर ते कापड कशाला उपयोगी पडत नाही.

गाठ कशी मारायची: कापड इस्त्री करून तिरकं पसरा, म्हणजे एक कोपरा तुमच्याकडे. डबा मधोमध सरळ ठेवा. तुमच्याकडचा कोपरा डब्यावर टाका, समोरचा त्यावर टाकून टोक आत खोचा. मग उरलेले डावे उजवे कोपरे वर घ्या, उजवं डाव्यावरून एकदा, मग डावं उजव्यावरून एकदा. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ वाकडी बसते आणि सरकते. बरोबर बसली तर गाठीची दोन टोकं डब्याला समांतर आडवी राहतात, कानासारखी. सोडताना नखाने कुरतडायचं नाही, एक टोक धरून ते उलट्या दिशेला सरळ ताणायचं, गाठ आपोआप ढिली होते आणि त्या टोकावरून सरकून निघते. आजीबाई लोकांनाही सहज जमतं.

अजून एक, जे मला इथे आल्यावर फार आवडलं. औपचारिक भेट देताना इथली रीत अशी की दारात गेल्यावर कापड सोडायचं, आतली भेट दोन्ही हातांनी द्यायची आणि कापड घडी करून आपणच परत घेऊन जायचं. कापड हे वाटेतल्या धुळीपासून जपायला, भेटीचा भाग नाही. त्यामुळे एकेका घरात एकच कापड वर्षानुवर्षं चालतं. तिखटमीठ यांनी जी अडचण सांगितली ना, की पुरुषांना ब्लाउजपीस कसा द्यायचा, त्याला हा मार्ग आहे, कापड द्यायचंच नाही.

सुईदोरा

ओसाकाहून, तुमची गाठ करून बघितली, पहिल्यांदा वाकडीच बसली मग लक्षात आलं मी दोन्हीदा उजवंच वर घेत होते. आयुष्यभर तशीच मारत आलेय बहुतेक! आता जमली. धन्यवाद.

आणि कापड परत न्यायचं वाचून मला आमच्या लहानपणीचं फराळाचं ताट आठवलं. ताटात सगळे पदार्थ, वर आईने क्रोशाने विणलेला रुमाल, आणि मी ते दोन्ही हातात धरून चाळीत घरोघर जायचे. ताट आणि रुमाल परत यायचे, ताट कधी रिकामं यायचं नाही, काही नाही तर चमचाभर साखर तरी. एकाच रुमालावर पूर्ण चाळीची दिवाळी व्हायची.

मांडवी किनारा

हो हो, आमच्या गोव्यात नाताळला अगदी हेच. शेजारची ख्रिस्ती कुटुंबं दोदोल, नेवऱ्या, बेबिंका अशा गोड पदार्थांचं ताट शेजारीपाजारी पाठवतात, त्याला कोंसुआद म्हणतात, आणि त्यावर भरतकाम केलेला पांढरा रुमाल. आमची आई दिवाळीला त्यांना पोह्यांचे प्रकार पाठवायची ते पण रुमालाखालीच. ताट आणि रुमाल दोन्ही घरांत असे फिरत राहायचे की कुठला कुणाचा ते आता सांगता येणार नाही. कागदाचा प्रश्नच कधी आला नाही.

निवृत्त पोस्टमास्तर

मुलांनो, उशिरा आलो पण वाचून फार आनंद झाला. माझी नोकरी पोस्टात गेली. एके काळी परगावचं, परदेशचं पार्सल मांजरपाटात शिवून यायचं. मोठ्या पोस्टाच्या बाहेर पार्सल शिवून देणारे बसायचे, सुई मोठी, दोरा जाड, टाके जवळ जवळ, मग शिवणीवर लाखेच्या मोहरा आणि कापडावरच शाईने पत्ता. आंब्याच्या वड्या, लोणची, मेतकूट असं काय काय त्यातून लेकीसुनांना जायचं. पावसाळ्यात पुठ्ठा भिजून मोडायचा पण कापडाने आतलं सगळं धरून ठेवलेलं असायचं. घेणारी बाई ती शिवण जपून उसवायची कारण कापडाचा पिशवीला उपयोग व्हायचा.

म्हणून सांगतो, रानजाई, ब्लाउजपीस पुरले नाहीत तर मांजरपाट घ्या. कोऱ्या कापडाचा तो पिवळसर रंग डोळ्याला शांत वाटतो, पुरुष माणसालाही देता येतो, आणि नंतर पुरणाला, चक्क्याला, भाजी निवडून ठेवायला, कशालाही चालतो. एकदा धुऊन घ्या म्हणजे खळ निघते आणि गाठ चांगली बसते.

दुसरी गोष्ट, जुनी कॅलेंडरं. कालनिर्णय १९७३ पासून निघतंय आणि माझ्याकडे लग्नाच्या वर्षापासूनची सगळी आहेत, बायको त्यातल्या चौकोनात दुधाचा हिशोब, गॅस कधी लागला, कुणाचं बारसं, नातवाचा पहिला दात असं सगळं लिहायची. ती पानं मी कुणाला देणार नाही. पण बँकांची, दुकानांची जी मोठी चित्रांची कॅलेंडरं येतात त्यांची झालेली पानं भेटीला फार चांगली, कागद जाड, चित्र बाहेर ठेवा नाहीतर मागची कोरी बाजू. मी नातवंडांना पुस्तकं देतो तेव्हा ज्याचा वाढदिवस ज्या महिन्यात त्या महिन्याचं पान वर येईल असं गुंडाळतो, तारखेभोवती लाल गोल करतो. नाव लिहावं लागत नाही, मुलं आपापली भेट बरोबर शोधतात.

चिकटपट्टी नको असेल तर मैद्याची खळ करा. एक चमचा मैदा, पाच-सहा चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहा, चकाकी आली की उतरवा. पुस्तकबांधणीवाले त्यात मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, ते विषारी असतं, घरात लहान मुलं आणि फराळ आहे तेव्हा अजिबात घालू नका. एक-दोन दिवसांत वापरून टाका.

रानजाई

बाप रे किती सुंदर सुंदर उत्तरं आलीत, सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्टमास्तर काका, तुमचं वाचताना डोळ्यात पाणी आलं, आमच्या आजीकडे ती शिवलेल्या पार्सलच्या कापडाची पिशवी होती, तिच्यावर पुसट पत्ता दिसायचा.

एक शंका राहिली. दुकानातून मिठाईचे पुडे घेतले तर त्यावर ती पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म गच्च गुंडाळलेली असते, ती तशीच ठेवून वर कापड बांधायचं की काढायची?

तिखटमीठ

काढा, आणि दुकानदाराला सांगाच. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली त्यात मिठाईच्या डब्यांवरची आणि निमंत्रणपत्रिकांवरची गुंडाळायची फिल्म नावानिशी आहे, सिगारेटच्या पाकिटावरची पण. आपल्या राज्यात तर प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २०१८ च्या मार्चमध्येच आली होती. तरी काही ठिकाणी अजून गुंडाळून देतात. 'फिल्म नको, दोरा बांधून द्या' असं ऑर्डर देतानाच सांगितलं तर देतात, मी तसंच करते. डबा सांडायची भीती असेल तर आडवा उभा दोरा बांधला की झाकण उघडत नाही.

ओसाकाहून

आणि एक विसरलो. बाटली द्यायची असेल (सरबत, काकवी, मध) तर दोन बाटल्या तळाला तळ लावून आडव्या ठेवा, मध्ये चार बोटं जागा सोडा, कापडात गुंडाळून मग दोन्ही बाजू उभ्या करा आणि वरची टोकं एकत्र गाठा. बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत आणि वर धरायला कडी तयार होते. आईला व्हिडिओ कॉलवर शिकवलं, तिने साताऱ्याहून काकवी अशीच पाठवली मावशीकडे.

रानजाई

अपडेट देते, काल वसुबारस झाली आणि भाऊबिजेचे पाच सोडून आमचं सगळं बांधून तयार आहे.

ब्लाउजपीस माझे ९ आणि आईकडून ६ आणले असे १५ सुती आणि खणाचे निघाले (एकूण बावीस होते, सात गुळगुळीत म्हणून बाद). मांजरपाट साडेचार मीटर घेतला ५० रुपये मीटरने, त्याचे सहा तुकडे केले, कडा मीच मशीनवर दुमडून शिवल्या. म्हणजे २१ कापडं झाली. फराळाचे १४ डबे आणि आपल्या रोजच्या माणसांच्या ७ भेटी, सगळं कापडात. वॉचमनकाका, दूधवाले दादा आणि पेपरवाला मुलगा मिळून चार मांजरपाटात, उरलेले दोन मांजरपाट शेजारच्या दोन आजोबांच्या डब्यांना. नणंदा, भाऊ, मुलं आणि टीचर यांचे १३ खाकी कागदात, घरातला उरलेला रोल पुरला नाही म्हणून एक नवीन आणला ६० ला. पांढरा रंग २५, नाडाछडी २०. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या, फुकट. कापड २२५ धरून एकूण ३३० रुपये. चौतीस भेटी आहेत, म्हणजे दहाच्या आत बसलं!

चुका पण सांगते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल. ठसे मारलेले कागद मी एकावर एक रचून ठेवले आणि रात्रभरात तीन कागद एकमेकांना चिकटले, पोस्टर कलर घट्ट लावला की वरून वाळलेला वाटतो पण आतून ओला असतो. मग दोरीवर कपड्यांसारखे चिमटे लावून वाळवले. भेंडी मोठी आणि जून घ्या, कोवळी दाबली की पिचकते. आणि मांजरपाट आधी धुवायचं काकांनी सांगितलं होतं ते मी दोन तुकड्यांना विसरले, त्यांच्या गाठी कडक झाल्यात आणि फुगून बसल्यात.

मावशी उद्यापासून गावी जाणार म्हणून त्यांची भेट आजच दिली. हिरवा खण होता, इरकली काठाचा, माझ्या आईला कुणीतरी दिलेला. त्यांनी ओट्यावर ठेवून लगेच गाठ सोडली, ओसाकाच्या दादांनी सांगितलं तशी एक टोक ताणून सोडून दाखवली मी. आत स्टीलचा डबा आणि फराळ. डबा त्यांनी बाजूला ठेवला आणि खण हातात घेऊन काठ उलटून पालटून बघत राहिल्या, मग विचारलं, "ताई, हे कापड परत द्यायचं ना?" मी म्हटलं तुमचंच आहे. तर म्हणाल्या धाकटीला परकर शिवायला पुरेल का बघते, कमी पडलं तर दुसरा जोड लावीन. मी लगेच आत जाऊन बाद केलेल्या सातातला एक हिरवाच होता तो आणून दिला, अस्तराला होईल म्हणून.

भाऊबिजेचे पाच अजून बांधायचे राहिलेत, मुलगी बैलगाड्या काढत बसलीये आणि पाचव्या मामाला बैलगाडी नको ट्रॅक्टर हवा म्हणतेय कारण तो खरंच ट्रॅक्टर चालवतो. वारलीत ट्रॅक्टर कसा काढायचा कुणाला माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

तिखटमीठ

मागचं चाक मोठं गोल, पुढचं लहान, मध्ये एक चौकोन, वर काडीचा माणूस बसलेला आणि हातात अर्धगोल. मुलाला विचारून सांगतेय, त्याने आत्ताच वहीत काढून दाखवला.